केरळची ट्रिप रद्द झाली, एक लाख दहा हजारांचं क्रेडिट अडकलंय, कसं वापरू? (जरा लांबलचक आहे)

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही पाचोऱ्याचे. दिवाळीच्या सुट्टीत केरळ ठरलं होतं, आम्ही दोघं, दोन पोरं, सासू-सासरे, सहा जण. जुलैतच मुंबई-कोची विमानाची तिकिटं काढली एका वेबसाइटवरून, आणि तिथलं हॉटेल-गाडी-हाउसबोट सगळं एका टूरवाल्याकडून. निघायच्या आदल्या आठवड्यात आबा, म्हणजे माझे सासरे, मोरीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं, जळगावला नेऊन ऑपरेशन केलं, बॉल बदलला. आता बरे आहेत, वॉकर सोडून काठीवर आलेत, पण केरळ गेलं ते गेलंच.

विमानाचे कापून ३८,४०० राहिले, ते क्रेडिट म्हणून दाखवतंय, प्रत्येकाच्या नावावर ६,४००. टूरवाल्याने १ लाख २० हजारातून कापून ७२ हजारांची क्रेडिट नोट दिली, तीवर ३१ मार्च अशी तारीख. म्हणजे एक लाख दहा हजार चारशे, आणि हातात एक रुपया नाही.

घरात आता रोज जेवताना हाच विषय. हे म्हणतात फेब्रुवारीत जाऊन येऊ, पैसे बुडवायचे का. पोरीची बारावी फेब्रुवारीत, तिला कुठे सोडायची? आबा म्हणतात मी काही येत नाही, तुम्ही जा. सासूबाई म्हणतात, ह्यांना सोडून केरळ काय कामाचं, त्यापेक्षा काशी करू. आणि सुरतच्या नणंदबाई फोनवर दोनदा बोलल्या की तुमचं नाही जमत तर आम्ही वापरतो, वाया का जाऊ देता. आता हे प्रेमाने की कसं ते मला कळेना, पण मुद्दा बरोबर आहे. तुम्ही काय केलं असतं?

भुसावळ_जंक्शन
वहिनी, आबांना बरं वाटो. पहिली गोष्ट, काशीला विमानाचं क्रेडिट कशाला खर्चायचं? जळगाव-भुसावळहून महानगरी थेट बनारसला जाते, कामायनी पण आहे. आणि केरळलासुद्धा मंगला एक्सप्रेस जळगावला थांबून थेट एर्नाकुलमला जाते, दीड दिवसाच्या आसपास लागतो पण गाडी बदलायची भानगड नाही. पाचोऱ्याहून मुंबईला जा, मग एअरपोर्टला दोन तास आधी जा, तेवढ्यात अर्धा दिवस तसाही जातोच.

केळीचा_घड
भो, त्या विचारून राहिल्या क्रेडिटचं आणि तू रेल्वेचं टाइमटेबल सांगू राह्यला 😄

शिरपूरकर
कसाले इतला इचार करी राह्यनात ताई, पहिले पैसा परत मांगा ना. विमानाचं क्रेडिट तुम्ही मागितलं होतं का त्यांनी परस्पर टाकलं? हे आधी सांगा.

गिरणाकाठ
परस्परच टाकलं. ह्यांनी त्या गडबडीत मोबाइलवर कॅन्सल दाबलं, हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये उभं राहून, आणि मेल आला की क्रेडिट जमा झालं. कुठे पर्याय विचारल्याचं आठवत नाही.

कोर्टाची_पायरी
मी वकील नाही पण ग्राहक तक्रारींच्या कामात बरीच वर्षं आहे, जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर मधलं सोडा.

तुमच्याकडे दोन क्रेडिटं आहेत आणि ती दोन वेगळ्या जातीची आहेत, त्यामुळे एकत्र बेरीज करून एक लाख दहा हजार म्हणू नका, तिथूनच गोंधळ सुरू होतो. विमानाला डीजीसीएचे, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, नियम लागतात. त्यात स्पष्ट लिहिलंय की रिफंड पैशात घ्यायचा की क्रेडिट शेलमध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा, ठेवायचा हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने आपणहून क्रेडिट देणं ही नेहमीची पद्धत असू नये. दुसरं, कॅन्सलेशन चार्ज मूळ भाडं अधिक फ्युएल सरचार्ज ह्याच्यावर जाऊ शकत नाही. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिकिटातले सरकारी कर आणि एअरपोर्टचे चार्ज, म्हणजे यूडीएफ, पीएसएफ वगैरे, हे प्रवास केलाच नाही तर परत करावेच लागतात, तिकीट स्वस्तातलं प्रोमो असलं, नॉन-रिफंडेबल असलं तरी. चौथं, तिकीट वेबसाइटवरून काढलं म्हणून एअरलाइनला हात झटकता येत नाहीत, एजंट हा त्यांचाच प्रतिनिधी धरला जातो, रिफंडची जबाबदारी एअरलाइनचीच. वेबसाइटने स्वतःची जी कन्व्हिनियन्स फी घेतली ती मात्र विसरा.

म्हणून आधी मूळ तिकिटाची पीडीएफ उघडा, भाड्याचं विवरण बघा, बेस किती, कर किती. मग एअरलाइनला आणि वेबसाइटला एकाच मेलमध्ये लिहा की मी क्रेडिट निवडलेलं नाही, मूळ पेमेंट मोडमध्ये परत करा आणि काय कापलं त्याचा हिशोब द्या. फोनवर बोलू नका, बोललात तर नंतर मेलमध्ये लिहून टाका की अमुक तारखेला असं बोलणं झालं. उत्तर नाही आलं तर सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे, तिथे तक्रार टाका. त्याच्याही पुढे १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं.

टूरवाल्याला ह्यातले विमानाचे नियम लागू नाहीत, १९१५ मात्र तिथेही चालतं. तिथे तुमच्यात आणि त्याच्यात जी बुकिंगची अटी-शर्ती आहे तिच्यावर खेळ. ती पावतीच्या मागे बारीक अक्षरात असते, भिंग घ्या.

तापीमाय
पण कोरोनात कोर्टाने सांगितलं होतं ना की क्रेडिट कोणालाही देता येतं? माझ्या दिराने तेव्हा त्याचं क्रेडिट मित्राला दिलं होतं. मग नणंदेला देऊन टाका की विमानाचं पण.

कोर्टाची_पायरी
तो सुप्रीम कोर्टाचा निकाल १ ऑक्टोबर २०२० चा, आणि तो लॉकडाऊनच्या काळातल्या तिकिटांपुरताच. त्यात क्रेडिट ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरायची मुभा होती, दुसऱ्याला देता येत होतं, आणि नाही वापरलं तर व्याजासारखी थोडी भर घालून पैसे परत. पहिले काही महिने अर्धा टक्का, नंतर पाऊण टक्का महिन्याला. आता ते लागू नाही. आता ज्या कंपनीचा जो नियम तो, आणि इथे नावावर आहे म्हणतायत म्हणजे नावालाच चिकटलेलं.

मनमाडी
एक गोष्ट कोणी विचारली नाही. विमानाचं क्रेडिट कधीपर्यंत आहे? आणि ती तारीख बुकिंगची आहे की प्रवासाची? ह्यात भलेभले फसतात. काही ठिकाणी त्या तारखेच्या आत नुसतं तिकीट काढलं तरी चालतं, प्रवास नंतर करा, काही ठिकाणी प्रवासच त्याच्या आत व्हावा लागतो. आणि वर्ष मोजतात ते कॅन्सल केल्यापासून नाही तर बऱ्याचदा पहिलं तिकीट काढलं तेव्हापासून.

गिरणाकाठ
आत्ता बघितलं. बरोबर आहे तुमचं, जुलैपर्यंत दाखवतंय, तिकीट काढल्यापासून एक वर्ष. मी ऑक्टोबर धरून बसले होते. बुकिंग की प्रवास ते लिहिलेलंच नाही, विचारते.

केळीचा_घड
म्हणजे बघा, विमान जुलैपर्यंत, टूर मार्चपर्यंत. ह्यांनी फेब्रुवारीत जाऊ म्हटलं कारण मार्चची तारीख डोळ्यासमोर नाचतेय. ती तारीख हलली तर सगळंच मोकळं होतं. टूरवाल्याच्या मागे लागा, ३१ मार्च म्हणजे त्याच्या हिशोबाच्या वर्षाची तारीख आहे, देवाने नाही ठरवलेली.

सातपुड्याचा_वारा
आमच्याकडे असंच झालं होतं, मुलाच्या मुंजीआधी बायकोची तब्येत बिघडली आणि सिमला-मनाली रद्द. क्रेडिट होतं पन्नासेक हजारांचं. ते वाचवायला परत बुक करायला गेलो तर सीझनचा रेट, वरून साठ हजार टाका म्हणाले. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. सौ. म्हणाली नको, राहू दे. मग टूरवाल्याशी वाद घालून घालून त्यातले तीस हजार रोख घेतले, बाकीचे सोडले, आणि पोरांना घेऊन तोरणमाळला गेलो. शहाद्याहून घाट चढून वर, यशवंत तलावाच्या काठी बसलो, सीताखाई बघितली, थंडी अशी की शेकोटी सोडवेना. आजही पोरं तोरणमाळचं नाव काढतात, सिमल्याचं कोणी काढत नाही. आपल्याकडे लोकांना तोरणमाळ म्हटलं की नाक मुरडायची सवय आहे, नाशिक-पुण्याचे लोक मात्र येऊन फोटो टाकतात.

आखाजीचा_झोका
तोरणमाळ छानच, पण आबांना त्या घाटातून नेऊ नका इतक्यात. गाडीत सहा तास बसून राहणं खुब्याच्या ऑपरेशननंतर सोपं नाही. माझ्या आईचं झालंय हेच. डॉक्टर आम्हाला म्हणाले होते की विमान परवडलं पण लांबचा गाडीप्रवास नको, आणि मध्ये मध्ये उठून चालायचं, पायात गुठळी व्हायची भीती असते. खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, देशी संडास नाही. हे एवढं जरी धरलं तरी हाउसबोट गेली, त्या बोटीत चढताना एक पाय काठावर आणि एक पाय हलत्या फळीवर असतो. त्यामुळे आबा "तुम्ही जा" म्हणतायत ते रागाने नाही, खरंच म्हणतायत असं धरून चला. म्हातारी माणसं आपल्यासाठी बाकीच्यांचं थांबलं ह्याच्यानेच जास्त कुढतात.

आणि पोरगी बारावीची आहे तर फेब्रुवारी विषयच बंद करा हो. तुम्ही मुन्नारला चहाचे मळे बघताय आणि ती घरी आजोबांना औषध देऊन फिजिक्स करतेय, हे बरं दिसेल का?

मनमाडी
फेब्रुवारीचं आणखी एक. मुन्नारजवळचं एराविकुलम, जिथे त्या नीलगिरी ताहर नावाच्या रानबकऱ्या बघायला जातात, ते साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये विणीच्या हंगामात बंद असतं. टूरवाले सांगत नाहीत, गेल्यावर "सर, टुडे क्लोज्ड" म्हणतात.

शिरपूरकर
माझं मत, नणंदेला देऊन टाका टूरचं क्रेडिट, आणि पैसे रोख घ्या तिच्याकडून. घरचा पैसा घरात राहतो.

तापीमाय
नणंदेकडून पैसे घ्यायचे? माहेरवाशिणीकडून? आमच्याकडे असं केलं तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात तेव्हा, तोंड दाखवायची सोय राहणार नाही 😂

शिरपूरकर
आखाजीचा आणि ह्याचा काय संबंध? आखाजीला साडी वेगळी, टूर वेगळी. ७२ हजार फुकट द्यायचे का? मग दुसरी नणंद म्हणेल मला काय, जाऊ म्हणेल मला काय.

कळण्याची_भाकर
शिरपूरकर भाऊंशी सहमत, फक्त हे बोलणं सुनेने करायचं नसतं. तुमच्या ह्यांना सांगा बहिणीशी बोलायला, आणि एकदम पूर्ण ७२ मागू नका. मार्चमध्ये बुडणार असलेल्या नोटेची किंमत ७२ नाही. पन्नास-पंचावन्न ठरवा, तिलाही स्वस्तात केरळ, तुम्हालाही हातात रोख. आणि व्यवहार बँकेतून करा, नंतर "मी दिले होते ना" असं नको व्हायला. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या चाकांवरून दोन सख्खे भाऊ बोलत नाहीत, त्यामुळे सांगते.

केळीचा_घड
पण टूरवाला नाव बदलू देईल का हा मूळ प्रश्न.

गिरणाकाठ
सगळ्यांचं वाचलं, प्रिंट काढून ह्यांना पण वाचायला दिलं (तोरणमाळवाल्या भागावर हसले, म्हणाले सिमल्याचं खरंय). आज मेल टाकले. टूरवाल्याला असं लिहिलं: नोट वापरायची तारीख म्हणजे बुकिंगची की प्रवासाची, नावं बदलता येतील का, दुसऱ्या ठिकाणासाठी चालेल का, थोडी रक्कम वापरली तर उरलेली राहते की जाते, आणि ४८ हजार कशाचे कापले त्याचा हिशोब. एअरलाइनला पायरी भाऊंनी सांगितलं तसं. तिकिटाच्या पीडीएफमध्ये यूडीएफ आणि बाकीचे चार्ज वेगळे दिसतायत, हे मला माहीतच नव्हतं, आम्ही नेहमी शेवटचा आकडा बघतो.

मनमाडी
हिशोब मागितलात हे बेस्ट. बहुतेक वेळा हॉटेलवाल्याने पैसे परत दिलेले असतात किंवा पुढे ढकललेले असतात आणि टूरवाला ते आपल्याकडेच ठेवतो. सगळे असं करतात असं नाही, पण विचारल्यावर आवाज मऊ होतो.

आणि अजून एक, क्रेडिट वापरून नवीन तिकीट काढलं आणि तेही रद्द झालं तर पैसे परत क्रेडिटमध्येच जातात आणि तारीख जुनीच राहते, असं बऱ्याच ठिकाणी असतं. म्हणून पक्कं ठरल्याशिवाय वापरू नका.

भुसावळ_जंक्शन
मी परत रेल्वे घेऊन आलो, माफी असावी. १ नोव्हेंबर २०२४ पासून रिझर्वेशन ६० दिवस आधीच उघडतं, आधी १२० होते. म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीचं आत्ता काही करता येत नाही, मार्चपासून रोज सकाळी आठला मोबाइल घेऊन बसायचं. विमानाचं जमलं नाही तर हे लक्षात असू द्या. नणंदबाईंना सुरतहून कोकण रेल्वेने केरळला जाणाऱ्या गाड्या आहेत, पाचोऱ्याला यायची गरज नाही.

केळीचा_घड
ह्याला रेल्वेने पगार द्यायला पाहिजे.

सातपुड्याचा_वारा
भरपाईचं पैशात नाही झालं तर एक सुचवतो. पोरगी बारावी करतेय, जून-जुलैत अॅडमिशनची पळापळ सुरू होईल, पुणे, नागपूर, कुठे बंगलोर. तुमचं, ह्यांचं आणि पोरीचं विमानाचं क्रेडिट तेव्हा कामी येईल. ट्रिपलाच वापरलं पाहिजे असं कुठे लिहिलंय? माझा भाचा चेन्नईला अॅडमिशनला गेला तेव्हा ऐनवेळी तिकीट काढलं, घाम फुटला होता किंमत बघून. फक्त त्या कंपनीचं विमान त्या शहराला जातं का ते बघून ठेवा, जळगावहून गोवा-हैदराबाद-पुण्याची छोटी विमानं सुरू झालीत पण तुमचं क्रेडिट ज्या कंपनीचं तिथेच चालणार.

आखाजीचा_झोका
हे आवडलं. आणि त्या वेळी पोरीलाही वाटेल की माझ्यामुळे ट्रिप रखडली नाही, उलट कामी आली.

गिरणाकाठ
अपडेट देते, उशीर झाला, घरी पाहुणे होते आणि मध्येच कापसाचा शेवटचा वेचा.

टूरवाल्याचं उत्तर आलं, पहिल्या मेलला नाही, दुसऱ्याला, ज्यात ह्यांनी १९१५ चा उल्लेख केला. ३१ मार्च ही बुकिंगची तारीख, प्रवास सप्टेंबर संपेपर्यंत कधीही. कापलेल्यातले ९ हजार परत जोडले, "हॉटेलकडून उशिरा आले" म्हणे. म्हणजे आता नोट ८१ हजारांची. नावं बदलता येतील, पण मूळ सहातला निदान एक जण बरोबर पाहिजे. उरलेली रक्कम राहणार नाही.

एअरलाइनने क्रेडिट रोखीत द्यायला अजून होकार दिला नाही, पण कर आणि चार्जेस सहाही तिकिटांचे वेगळे परत करतो असं लिहून आलंय. एअरसेवावर तक्रार टाकली आहे, नंबर मिळालाय. जुलैची तारीख बुकिंगची नाही, प्रवासाची आहे.

आता घरातलं. निदान एक जण मूळचा पाहिजे हे वाचून मी म्हटलं झालं, नणंदेचं बारगळलं. तर सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मग मी जाते की ज्योतीबरोबर." (नाव बदललंय.) आम्ही सगळे बघतच राहिलो. ह्यांना सोडून केरळ काय कामाचं म्हणणाऱ्या ह्याच! आबा लगेच म्हणाले, जा जा, मला सून आहे, नातवंडं आहेत, मी काय लहान आहे का. नंतर मला हळूच म्हणाले, तिने समुद्र एकदाच बघितलाय, लग्नानंतर, मुंबईला, तोही गर्दीत.

तर मे महिन्यात नणंदबाई, त्यांचे मिस्टर, त्यांची दोन मुलं आणि आमच्या सासूबाई. व्यवहाराचं ह्यांनीच बोलून घेतलं, सासूबाईंचा वाटा आमच्याकडे, बाकीच्यांचे साठ हजार नणंदेचे मिस्टर बँकेत टाकतायत, त्यांनी स्वतःहून आकडा सांगितला, आम्हाला मागावा लागला नाही. तापीमाय, आखाजीला तोंड दाखवता येईल 😄

सासूबाईंचं विमानाचं ६,४०० त्यांच्या तिकिटात जाईल. आमचं चौघांचं अॅडमिशनसाठी राखून ठेवतोय जुलैपर्यंत. आबांचं बहुतेक जाईल, त्यांचे कर तेवढे येतील.

कोर्टाची_पायरी
आबांचं आत्ताच सोडू नका. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि डॉक्टरांचं प्रवास करू नये असं पत्र जोडून वेगळा मेल करा, फक्त त्यांच्या तिकिटासाठी. मेडिकल कारणावर पूर्ण रिफंड देणं प्रत्येक कंपनीच्या मर्जीवर असतं पण कागद असला की बोलायला जागा असते. आणि टूरवाल्याचं हे "निदान एक जण" वगैरे सगळं मेलवर आहे ना? नवीन बुकिंगच्या पावतीवर जुन्या क्रेडिट नोटचा नंबर लिहून घ्या.

मनमाडी
मे मध्ये केरळात उकाडा आणि घाम, आणि त्यांच्याकडच्या शाळांनाही सुट्टी, गर्दी असेल. पण आपल्या ४४ डिग्रीवाल्यांना मुन्नार गारच वाटेल. महिन्याच्या शेवटी नेऊ नका, १ जूनच्या आसपास पाऊस धरतो तिथे, पहिल्या पंधरवड्यात उरकून घ्या.

तापीमाय
शाब्बास सासूबाई! एकच सांगा, त्या तिकडे खाणार काय? आमच्या आत्याबाई बाहेर गेल्या की तिसऱ्या दिवशी भाकरीसाठी रडायला लागतात.

गिरणाकाठ
तीच चर्चा चालू आहे आता. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ नेते म्हणतात, हाउसबोटवाल्याच्या शेगडीवर भाकरी टाकेन. तवा पण नेणार म्हणे. चेक-इन बॅगेत तवा चालतो का कोणाला माहीत आहे?

कळण्याची_भाकर
चेक-इनमध्ये चालतो, हातातल्या बॅगेत ठेवू नका. ठेचा मात्र बरणीत नको, पिशवीत दोनदा गुंडाळून, नाहीतर सगळ्या साड्यांना वास. आणि भाजलेली उडीद-ज्वारी दळून न्या, कच्चं पीठ तिकडच्या दमट हवेत धरतं.

भुसावळ_जंक्शन
मंगलाने गेल्या असत्या तर तवा सीटखाली ठेवता आला असता, एवढंच बोलतो.